खटका कुणाच्या खिशात

मित्रांनो, मला खुशाल हात लावा. शॉक बसणार नाही, कारण मी तुमच्या बोटांना लागणारच नाही. लागेल ती संगणकाच्या पडद्याची काच. मी ट्रान्सफॉर्मर आहे, पण खेळातला. तुमच्या वस्तीबाहेर दोन खांबांच्या मध्ये बसून दिवसभर गुणगुणत असते ना, ती डीपी माझी लांबची नातलग. ती लोखंडाची आणि तेलाची, मी नुसत्या रंगीत ठिपक्यांचा. काम मात्र दोघांचं एकच, आणि त्या कामाचा अभिमान मला तिच्यापेक्षा तसूभरही कमी नाही.

माझं वय तीन वर्षं. हसू नका. खेळाच्या जगात तीन वर्षं म्हणजे चांगलंच म्हातारपण. इथे मुलं सकाळी राजवाडा बांधतात आणि दुपारी त्याला कंटाळतात. एकाच जागी तीन वर्षं टिकून राहिलेला माझ्यासारखा नग विरळाच.

माझं घर सोनईत आहे. तिथल्या पुष्पावतीबाईंच्या झेरॉक्सच्या दुकानात नवा संगणक आला, तेव्हा जुना घरी आणला आणि आबांच्या खाटेशेजारी ठेवला, कारण प्लग तिथेच होता. त्यावर त्यांची मुलगी संस्कृती खेळू लागली. पडद्याच्या काचेतून मला पलीकडचं सगळं दिसतं: खाट, खिडकी, खुंटीवरचा आबांचा पांढरा शर्ट. माईकमधून ऐकूही येतं. तेव्हा मी सांगतो ते सगळं माझं स्वतःचं पाहिलेलं आणि ऐकलेलं आहे.

आत्मवृत्त माझं असलं तरी त्यातला जीव आबांचा आहे, हे आधीच कबूल करतो. आबा म्हणजे संस्कृतीचे आजोबा, सहादेव. तेहतीस वर्षं गावोगाव खांबांवर चढलेले वायरमन. त्या खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात ते नऊ वर्षं चिनीमातीचा एक पांढरा तुकडा वागवत होते. आणि ज्या जिवलग मित्राबरोबर त्यांनी सगळी नोकरी काढली, त्याच्या दारात ते नऊ वर्षं गेले नव्हते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, तेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

आधी आमच्या जगाची ओळख करून देतो. ते सगळं चौकोनी ठोकळ्यांचं आहे. खणा, ठोकळे गोळा करा, हवं ते बांधा. मूळ खेळात वीज नव्हती. कुणा हौशी मंडळींनी तिची भर घातली. अशा भर घातलेल्या खेळाला मुलं मॉड म्हणतात. आमच्या मॉडमध्ये विजेच्या तीन पायऱ्या आहेत. धरणावरचा मोठा जनरेटर पाचशे बाराची वीज देतो. मधली पायरी एकशे अठ्ठावीसची. घरातले दिवे, भट्टी आणि पिठाची गिरणी ही मंडळी बत्तीसची. बत्तीसच्या यंत्रात त्याहून मोठी वीज शिरली की यंत्र धुमसत वगैरे बसत नाही, थेट फुटतं, आणि फुटताना शेजारची भिंतही घेऊन जातं.

तशी एक भिंत गेली, म्हणून तर मी जन्मलो. तो प्रसंग मी पाहिलेला नाही, पण कोपऱ्यातली लाकडी पेटी त्यातून वाचली आणि तिने मला तो इतक्यांदा ऐकवलाय की मला पाठ झालाय.

संस्कृतीने धरणावरून थेट घरात तार ओढली. तार बारीक होती, ती जळून गेली. शहाण्याने इथे थांबून विचार केला असता. पण मळ्यात मोटरीचा फ्यूज उडाला की तिचे अजिनाथकाका काय करतात, ते तिने लहानपणापासून पाहिलेलं. ते बारीक तारेच्या जागी चांगली जाड तार गुंडाळतात आणि मिशीवर हात फिरवून म्हणतात, "आता बघ कशी उडती ती!" संस्कृतीनेही बारीक तार काढून जाड तार टाकली. तार खरंच जळाली नाही. भट्टी फुटली, गिरणी फुटली, स्वयंपाकघराची भिंत गेली आणि गोठ्यातल्या दोन गाई नाहीशा झाल्या.

खाटेवर पडलेले आबा उठून बसले. तोवर त्यांनी पडद्याकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"कशाचा आवाज झाला गं?"

"आबा, सगळं फुटलं! जाड तार टाकली तरी फुटलं!" संस्कृती रडकुंडीला आली होती.

"जाड तार? कुनी शिकवलं तुला जाड तार घालायला?"

"अजिनाथकाका नाही का घालत फ्यूजला?"

"त्यो अजिनाथ एक दिवस मोटर जाळून बसंल तवा समजंल त्याला." आबांनी चष्मा शोधून डोळ्याला लावला. "ऐक. जळायचं काम तारंचं हुतं. बारीक तार सोता जळती आन मागचं समदं वाचिवती. तू तिला जाड केली. मंग जळायचं काम कुनाच्या गळ्यात पडलं?"

"भट्टीच्या," संस्कृती म्हणाली.

"व्हय. जाड तारंनं वीज कमी व्हत न्हाई, बाळा. वीज उतरवावी लागती. बारवंतलं पानी आनायला आपुन वरनं उडी टाकतो का? पायऱ्या उतरतो. तसं हाय हे. एका दमात न्हाई. एक पायरी, मंग दुसरी."

त्यांनी दुकानातून आलेला एक वाया गेलेला झेरॉक्सचा कागद उलटा केला आणि त्यावर पेन्सिलीने काढून दाखवलं: इथे मोठी लाईन, इथे डीपी, इथे घर. माझा पहिला फोटो म्हणायचा तर तो कागद. तो अजून संगणकाखाली चार घड्या करून ठेवलेला आहे, टेबलाचा एक पाय आखूड असल्यामुळे.

मला घडवलं मात्र आयतने. आयत ही संस्कृतीची पहिलीपासूनची मैत्रीण. आधी सोनईतच दोन गल्ल्या पलीकडे राहायची. तिसरी झाली आणि तिच्या वडिलांनी शेवगावला टेम्पोचं काम धरलं, तेव्हा घर तिकडे गेलं. मग दोघींनी हे जग बनवलं. संस्कृती इकडून यायची, आयत शेवगावहून, आणि दोघी माईकवर गप्पा मारत एकत्र गाव बांधायच्या. संस्कृतीला बांधायची घाई फार. आयतचं काम सावकाश आणि नेटकं. तिने लोखंडाची चौकट केली, दोन्ही अंगांना तांब्याची वेटोळी बसवली आणि एकापाठोपाठ आम्ही दोघे भाऊ तयार केले. थोरला धरणापाशी बसला. तो पाचशे बाराचे एकशे अठ्ठावीस करतो. मी धाकटा घरापाशी. मी एकशे अठ्ठावीसचे बत्तीस करतो. शेवटची पायरी माझी.

मला बसवतानाच घोटाळा झाला. माझ्या सहा अंगांपैकी एकावर मोठं वर्तुळ आहे आणि बाकीच्या पाचांवर लहान ठिपके. वर्तुळातून मोठी वीज आत घ्यायची, ठिपक्यांतून लहान बाहेर सोडायची. उलटा बसवलात तर मी वीज उतरवण्याऐवजी चढवतो. माझा इलाज नाही, माझा पिंडच तसा. संस्कृतीने घाईत मला ठेवलं आणि तार जोडायला निघाली.

"थांब," आबा मागून म्हणाले. "ह्याचं त्वांड कुठं हाय?"

"ट्रान्सफॉर्मरला तोंड असतं, आबा?"

"ती मोठी वाटी दिसती न्हवं, ती. ती धरनाकडं पायजे. आत्ता ती घराकडं बगतीय."

संस्कृतीने जीभ चावली, पाना घेतला आणि मला फिरवलं. आबांनी त्या दिवशी मला घर उडवण्याच्या पापातून वाचवलं. तेव्हापासून मी त्यांचा.

"आता समदं एकदम जोडू नको. पैला एक दिवा लाव. गेला तर दिवाच जाईल."

दिवा लागला. पिवळा, स्थिर, जराही न फडफडता. आबा त्याच्याकडे बघून म्हणाले, "बेस." मित्रांनो, आयुष्यात माझी स्तुती झाली ती एवढीच. बाकी सगळं कौतुक दिव्यांच्या वाट्याला गेलं. गिरणी तर असा तोरा मिरवायची जणू वीज तिच्याच पोटात पिकते. आपण नीट काम करत असलो की आपली आठवण कुणाला येत नाही, हे मी लवकर शिकलो.

पावणेतीन वर्षं अशी सुखात गेली. गावात शाळा झाली, बाजार झाला, कोंबड्यांसाठी उबेची पेटी झाली. आबा रोज दुपारी खाटेवरून पाहायचे, चुका काढायचे, क्वचित हसायचे. पण एक गोष्ट मला खटकायची. माईकवर आयतचा आवाज आला की आबा भिंतीकडे तोंड करून झोपायचे. ती "आबा, कसे आहात?" म्हणून विचारायची आणि आबा झोपेचं सोंग घ्यायचे. मला वाटायचं, म्हातारा शिष्टच दिसतो. राग यायचा मला, कारण आयत माझी कारागीर होती.

यंदा दिवाळीनंतर दोघींनी नवं काम काढलं. आयतचं घर नदीच्या पलीकडच्या काठावर होतं आणि तिथे अजून अंधार होता. माझ्यापासून खांब रोवत, तारा ओढत वीज नदीपार न्यायची ठरलं. आमच्या जगात चालू तारेला धक्का लागला तर खेळाडू मरतो आणि त्याचं सगळं सामान विखरून पडतं. म्हणून वीज बंद करायला माझ्याशेजारी एक खटका होता. त्या दिवशी आयत जेवायला उठली होती. शेवटचा खांब तेवढा राहिला होता. संस्कृतीने खटका खाली केला आणि शिडी चढायला लागली.

"खाली ये," आबा म्हणाले. आवाज इतका करडा की संस्कृतीचा हात थांबला. "खटका काढ आन खिशात ठेव."

"आबा, खाली केलाय की. बंदच आहे."

"नुसता बंद न्हाई. काढायचा. ज्यो वर चढला त्याचा खटका खालच्याच्या खिशात पायजे. कोनी आलं, गेलं, त्याला लावताच यायला नगं."

"पण इथं कोण येणारय लावायला?"

आबांनी उठून खुंटीवरचा शर्ट काढला आणि खिशातून तो पांढरा तुकडा टेबलावर ठेवला. मुठीएवढा, दोन्ही टोकांना पितळेची पट्टी. डीपीच्या पेटीत फ्यूजची तार ज्यात बसवतात, तो चिनीमातीचा ठोकळा. वायरमन त्याला किटकॅट म्हणतात.

"हे काय आहे, आबा?"

"बाबाजानचा हात हाय," आबा म्हणाले.

बाबाजान म्हणजे आयतचे आजोबा. संस्कृतीला एवढंच ठाऊक होतं की त्यांचा उजवा हात कोपरापासून नाही.

आबा खाली बघून बोलत राहिले. मी ते जसंच्या तसं सांगतो.

"कालव्याकडची डीपी हुती. बाबाजान खांबावर, मी खाली. आमची रीतच हुती, तिन्ही किटकॅट काढायच्या आन खिशात ठेवायच्या. म्हंजी वरचा मानूस खाली येईस्तवर डीपी मेलेली. त्या दिशी दोन खिशात ठेवल्या. तिसऱ्या टायमाला तहान लागली. म्हनलं पानी पितो. ती पेटीच्या कडंला ठेवली आन हपशावर गेल्तो. तेवढ्यात एक शेतकरी आला. त्याच्या मोटरीची लाईट गेल्ती. त्याला वाटलं किटकॅट निसटून पडली. त्यानं बसवली. त्याचा काय दोष? भला मानूस हुता. तिसरी माज्या खिशात न्हवती, दोष माजा हाय."

"मग?"

"बाबाजान जगला. हात गेला. मी दवाखान्यात गेलो, दारातनं माघारी आलो. काय त्वांड दावू? मंग गल्लीच सोडली त्येंची. चार साल एका गावात राहून त्या गल्लीनं गेलो न्हाई. पुढं ते शेवगावला गेले. मला बरंच वाटलं, संस्कृती. मित्र गाव सोडून गेला आन मला बरं वाटलं, आसला मानूस हाय मी."

मला एक गोष्ट दिसत होती जी त्या दोघांना दिसली नाही. माईक चालू होता. आणि पलीकडे आयत जेवून परत आली होती. तिच्या नावापुढचा हिरवा ठिपका किती तरी वेळ स्थिर उभा होता. मग पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं आली: आयत खेळातून बाहेर पडली.

ती अक्षरं वाचून आबांचा चेहरा कसा झाला, ते मला सांगता येत नाही.

त्यानंतर आयत आली नाही. एक रविवार गेला, दुसरा गेला. संस्कृतीने तिला फोन केला तर "परीक्षा आहे" एवढंच उत्तर आलं. आमचं जग संस्कृतीच्या संगणकावर राहतं. ती उघडेल तेव्हा आम्ही जागे, बंद करील तेव्हा निजलेले. ती दर रविवारी दुपारी उघडायची, माझ्यापाशी येऊन उभी राहायची, नदीपलीकडच्या काळोख्या घराकडे बघायची आणि दहा मिनिटांनी बंद करायची. खटका पुन्हा वर झाला, गावातले दिवे लागले, पण शेवटच्या खांबाची तार तशीच लोंबत राहिली. आबांनी दुपारचं बघणं सोडलं. किटकॅट परत खिशात गेली.

त्या दिवसांत मला फार एकटं वाटलं, मित्रांनो. ज्याच्या उजेडात कुणी खेळत नाही त्या ट्रान्सफॉर्मरला काय किंमत? आणि खरं सांगू, आबांना शिष्ट म्हणायचो त्याची लाजही वाटली. ज्या माणसाने माझं तोंड सरळ केलं, त्याच्याविषयी मी भलतंच मनात धरून बसलो होतो.

सातव्या रविवारी दुपारी आयतचं नाव पडद्यावर उमटलं.

"आयत!" संस्कृती ओरडलीच. "कुठं होतीस गं?"

आयतचा खेळाडू जागेवर गोल फिरला, त्याने आभाळाकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं आणि तो जाऊन भिंतीला धडकला. मागे सरला. पुन्हा त्याच भिंतीला धडकला. जी आयत डोळे मिटून हे गाव हिंडायची, तिला समोरचं दार सापडेना.

"अशी काय चालतेस? बरी आहेस ना?"

माईकमध्ये कुणीतरी खोकलं. जाड, बिडी ओढून खरवडलेला खोकला.

खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले आबा तो खोकला ऐकून ताडकन उठून बसले.

"संस्कृती," आता आयतचा आवाज आला, अगदी बारीक. "मी नाही चालवत. दादा चालवतायत." आयत आपल्या आजोबांना दादा म्हणते. "डाव्या हातानं माऊस ते धरतात, बटणं मी दाबतीय. दुसरं जग उघडून दीड महिना शिकवतीय त्यांना. लई वेळा मेले."

"गप ए," पलीकडचा जाड आवाज म्हणाला. "सगळ्या गावाला सांग."

तो धडपडणारा खेळाडू कसाबसा दारातून बाहेर पडला. वाटेत कोंबड्यांच्या कुंपणात अडकला, बाहेर आला, आणि अखेर माझ्यापुढे येऊन उभा राहिला. इतक्या जवळून माझ्याकडे फार दिवसांत कुणी पाहिलं नव्हतं. त्याने माझ्या मोठ्या वर्तुळाकडे पाहिलं, धरणाकडे पाहिलं.

"त्वांड तर बराबर हाय," आवाज म्हणाला. "कुनी बसवलं?"

संस्कृतीने हळूच खुर्ची सोडली, आबांना हाताला धरून तिथे बसवलं आणि त्यांचा हात माऊसवर ठेवला.

मग बाबाजानच्या खेळाडूने माझ्याशेजारचा खटका उपटला. माझ्यातली वीज थांबली. गावातले दिवे एकेक करून मावळले. तो वळला, संस्कृतीच्या खेळाडूसमोर, म्हणजे आता आबांच्या खेळाडूसमोर आला आणि तो खटका त्याने त्यांच्या पायाशी टाकला.

"सहादेव," बाबाजान म्हणाले, "हा तुज्या खिशात ठेव. मी वर चढतोय."

आबांनी माऊस इकडून तिकडे ढकलला, पडद्यावर त्यांचा खेळाडू जागच्या जागीच फिरला. संस्कृतीने एक बटण दाबून पुढे केलं आणि खटका उचलला गेला. सामानाच्या पट्टीत, पहिल्या चौकटीत तो दिसू लागला. आबा त्या चौकटीकडे एकटक बघत बसले. मिटलेले ओठ, ताठ मान. त्यांनी माऊसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला, चुकून कुठे दाबला जाऊ नये म्हणून.

बाबाजान नदी ओलांडून शेवटच्या खांबाची शिडी चढले. एकदा घसरले, खाली आले, शिवी हासडून पुन्हा चढले. आयत त्यांना "डावीकडं, दादा, आता वर," असं सांगत होती. आबांनी एकदाही वर पाहिलं नाही. माझ्या तीन वर्षांत मी इतकी वीज उतरवली, पण माझ्यात वीज नव्हती ती चार-पाच मिनिटं मला सगळ्यात जड गेली. बोलणं मात्र चालू होतं.

"बाबाजान," आबा म्हणाले, "ती तिसरी..."

"म्हाईत हाय. खाली पडल्यावं शुद्ध जायच्या आधी मी तुजा खिसाच बघितला हुता. दोनच दिसल्या."

"मंग बोलला का न्हाईस?"

"कुनाशी बोलू? तू आलास का? दोन साल लई राग हुता, न्हाई म्हनत न्हाई. मंग त्यो बी संपला. मंग नुसती वाट बगायचो. मला वाटलं, तुटका मानूस तुला बघवत न्हाई."

आबांनी चष्मा काढला. नातीपुढे रडायची त्यांना लाज वाटली नाही.

"लेका, चुकलं माजं."

"चुकलंच. पर पोरींना खटका काढून खिशात ठेवायला शिकिवलंस, ते बराबर केलंस. आयतनं मला तेच सांगितलं." एक तार खट्कन जोडली गेल्याचा आवाज आला. "हां. झालं. उतरू का?"

"थांब! पैले दोनी पाय खाली टेकव," आबा एकदम वायरमनच्या आवाजात ओरडले. "खाली आलास का? सरक बाजूला. अजून. तारंला कोनी न्हाई ना?"

"कोनी न्हाई. लाव आता."

आबांनी तीनदा विचारून मगच खटका लावला.

वीज धरणावरून निघाली, थोरल्याने एक पायरी उतरवली, मी दुसरी. आणि नदीपलीकडे, इतके दिवस काळोखात असलेल्या घरात, एकच दिवा लागला. एकच, कारण बाबाजानही जुने वायरमन. आधी एकच दिवा लावायचा हे त्यांनाही ठाऊक होतं.

"बेस," दोन्ही माईकमधून एकदम आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांची खाट रिकामी होती. खुंटीवर शर्टही नव्हता. दुपारी संस्कृतीने जग उघडलं तर शेवगावच्या माईकमधून दोघा म्हाताऱ्यांची खडाजंगी ऐकू आली. चालवायला माऊस कुणी धरायचा यावरून वाद चालला होता. किटकॅट आता बाबाजानच्या घरी फळीवर असते, असं आयतने संस्कृतीला सांगितलं. आबांचा खिसा मोकळा झाला आहे. आताशा त्यात ते अडकित्ता ठेवतात.

मित्रांनो, मी खेळातला आहे. माझ्याकडे मेलेला खेळाडू दोन पळांत परत उभा राहतो. बाबाजानांचा हात तसा परत आला नाही, हे विसरू नका. खऱ्या डीपीच्या वाटेला जाऊ नका, लाईट गेली तरी आणि पीक सुकत असलं तरी. ज्याचं काम त्याला बोलवा. फ्यूजमधली बारीक तार जळली तर तिच्यावर चिडू नका, तिने तुमचं घर वाचवलेलं असतं. आणि कुणी वर चढलं असेल तर तहान लागली तरी चालेल, खटका कडेला ठेवू नका.

आणि तरीही चूक झालीच, तर आबांसारखी नऊ वर्षं लावू नका. ज्याचं नुकसान झालं तो बहुतेक दाराकडे बघत बसलेला असतो. जाऊन या.

मी आहे इथेच, घरापाशी, तोंड धरणाकडे करून. पलीकडच्या घरात आता सात दिवे लागतात.